कोर्टावरची तांबडी पावलं

३ सप्टेंबर, बुधवार

सारजे, तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? सूनबाईचं डोकं उठायचं ते कमी झालं का? धाकट्या नातवाचा कान वाहायचा तो बरा आहे ना? आणि शेळी चारा खाते का?

एवढं लिहिलं आणि मलाच हसू आलं. ही वही आहे, सारजा नव्हे. पण मला लिहिणं म्हणजे एकच ठाऊक, इंदापूरला धाकट्या बहिणीला कागद लिहिणं. तिला ऐकू येत नाही. फोनवर नुसतं "आं? आं?" करत बसते. म्हणून आमचं दोघींचं अजून कागदावरच चालतं. रामहरी, माझा मुलगा, एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात आहे. तिथला टेम्पो इंदापूरला जातो, त्याच्या हातनं कागद जातो नि येतो. शाळा आम्ही दोघींनी बाहेरनंच बघितली. मेंढरांमागं हिंडताना खताच्या गोण्या नि एसटीच्या पाट्या वाचत मी अक्षरं जुळवली, मग तिला शिकवली.

वही सुप्रियानं आणलीय, माझ्या सुनेनं. साखर वाढलीय, डॉक्टर म्हणाले हालचाल करा, म्हणून काय केलं ते रोज लिहायचं. मी डॉक्टरला म्हटलं, मी बापाच्या मेंढरांमागं पार कोकणात उतरून परत सुप्याला चढलेली बाई, मला तुम्ही चालायला काय सांगता. ते म्हणाले, ते तेव्हाचं झालं मावशी.

तर आज कॉलनीच्या मैदानावर गेले. तिथं सिमेंटचं कोर्ट आहे, दोन खांबांना बास्केटबॉलच्या दोन कड्या. इतके दिवस त्यावर गहू वाळायचे. आज बघते तर विजयमालाबाई, ज्यांचा आमच्या निम्म्या जळोची गावात ऊस आहे, त्या पॅन्ट घालून चेंडू आपटतायत. मी तोंड उघडं टाकून उभी. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "काय म्हाळसाबाई, भूत बघितलं व्हय? या की."

गेले. चेंडू आपटणं म्हणजे भाकरी थापल्यासारखंच आहे, फक्त भाकरी पळत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

आमची मास्तरीण संस्कृती. पंचविशीची पोर, खेळाचंच शिक्षण घेतलेली. बायका पाच मिनिटं जाग्यावर नाचल्या नाहीत तर चेंडूला हात लावू देत नाही. अंग तापल्याशिवाय खेळायचं नाही, मधे पाणी प्यायचं, छातीत कळ आली किंवा डोळ्यापुढं अंधारी आली तर लाजायचं नाही, खाली बसायचं. साखर असेल तिनं उपाशीपोटी यायचं नाही. नखं कापायची. मंगळसूत्र पदरात खोचून पिन लावायची. काचेच्या बांगड्या काढायच्या. आणि बूट.

बूट सुप्रियानं आणले. पाय पेटीत घालून कुलूप लावल्यासारखं वाटतं. माझे मालक, आबाजी, ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "आता हिला एक शिट्टी द्या, म्हंजी वाहतूक अडवंल."

बांगड्यांचं मी ऐकलं नाही. लग्न झाल्यापासून हात मोकळा ठेवलेला नाही. रुमाल गुंडाळून त्यावरनं खेळते. संस्कृतीनं कपाळाला हात लावला.

१४ सप्टेंबर, रविवार

आज चेंडू कडीतनं खाली पडला. मी टाकलेला. क्षणभर मला खरंच वाटेना. सगळ्या बायका ओरडल्या तेव्हा कळलं माझाच.

त्यात आणखी बातमी. सारजाचा कागद आला, इंदापूरलाही बायकांचा गट निघालाय आणि आमची ही त्यात शिरलीय. गुडघा धरून. संस्कृतीची मैत्रीण तिथं शिकवते. दोघींनी ठरवलंय, दसऱ्यानंतर दुसऱ्या रविवारी, बारा तारखेला, इंदापूरला सामना. सारजा लिहिते, "अक्का, तुझा चेंडू मीच अडवणार. लहानपणी माझी गोफण घ्यायचीस त्याचं उट्टं काढते." मी वाचून दाखवलं तर आबाजी हसून हसून खोकायला लागले.

पायाला थकवा म्हणून नाही. उलट कापसावर चालल्यासारखं वाटतं, जमीन आहे की नाही कळू नये इतकं मऊ. खेळाचा गुण म्हणायचा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

घरात कसला तरी वास येतोय. आबाजींना दोन दिवस येतोय, मला नाही. ते म्हणतात उंदीर मेलाय. सुप्रियानं फडताळ ओढलं, मी माझ्या खाटेखाली झाडलं, बूट काढून झटकले. काही नाही. आबाजी म्हणतात खाटेपाशीच येतोय. मग गादी उन्हात टाकली.

२१ सप्टेंबर, रविवार

उद्या घट बसणार. नऊ दिवस मी पायात काही घालत नाही. आमच्यात आई घालायची नाही, सासूबाई घालायच्या नाहीत. मी बूट पिशवीत भरून संस्कृतीला सांगितलं, दसऱ्यापर्यंत अनवाणी खेळणार.

तिनं पिशवी परत माझ्या हातात कोंबली. मग म्हणाली, "मावशी, देवळात अनवाणी जा, घरात राहा. कोर्टावर नको. तुम्हाला साखर आहे."

मी म्हटलं, बाळ, माझे पाय बघ. करवंदीच्या जाळीतनं गेलेले पाय आहेत, काटा मोडतो यांच्यावर. विजयमालाबाई माझ्याच बाजूच्या. त्या म्हणाल्या, देवीच्या कामात मास्तरकी चालत न्हाय. संस्कृती म्हणाली मग नऊ दिवस बसून बघा, खेळू नका. बसून बघितलं तर सारजा मला बारा तारखेला उभी कापील, हे तिला कुठनं कळणार.

उद्याच ती शिबिराला पुण्याला जातेय, शुक्रवारी रात्री येईल. जाताना परत म्हणाली, बूट घाला. मी मान हलवली. कशाला हलवली ते देवीला ठाऊक आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसला. अनवाणी खेळले. खडा नाही, टोचणं नाही, गारठा नाही. काही म्हणजे काही लागलं नाही. विजयमालाबाई दोन फेऱ्यांत "आई गं" करून चप्पल शोधायला लागल्या. ऊसवाल्यांचे पाय ते.

२४ सप्टेंबर, बुधवार

चेंडू मनगटावर बसला आणि दोन बांगड्या वाढल्या. नवरात्रात बांगडी वाढली म्हणून जीव चरकला. पहाटेचं पुरतं उजाडलं नव्हतं, हातानं चाचपून तुकडे गोळा केले, पदरात बांधून आणले. घरी जुळवायला बसले तर एक तुकडा कमी. सुप्रिया म्हणाली राहू दे आत्या, लोटून जाईल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सुप्रियानं किंकाळी फोडली. माझ्या खाटेवर पायथ्याला मुंग्यांची रांग, आणि निम्म्या मुंग्या माझ्या पायावर. मी जागी होते, आबाजींशी बोलत होते, मला पत्ता नाही. सुप्रिया म्हणते, आत्या चावत नव्हत्या का? मी म्हटलं नवरात्रात मुंगीसुद्धा चावत नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी काहीतरी वेडंवाकडं बोलले. डॉक्टरकडं चला म्हणाली. घट उठल्यावर जाऊ म्हटलं.

आज बायका गेल्यावर एकटीच थांबले. टप्पा देऊन कडीत टाकायचं जमत नाही, ते करत राहिले. निघताना कोर्टाच्या कडेच्या नळाखाली पाय धुतले, तर पाणी तांबूस. घटापुढं कुंकू सांडलेलं, त्यात पाय पडला असणार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

असं काही मी माझ्या जन्मात बघितलं नाही.

आज आम्ही कोर्टावर गेलो तर कडीच्या खाली पावलं. तांबडी, काळपट, कुंकवात तेल कालवून उमटवावी तशी. बारकी, बाईमाणसाची. एकाच पायाची, उजव्या. कडीपासनं नळापर्यंत आलेली आणि नळापाशी संपलेली. तिथनं पुढं काही नाही.

विजयमालाबाई गुडघ्यावर बसल्या, बोट टेकवून कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "पाचव्या माळेला आई आली. हितं आली, आपल्याकडं." एकीला रडू फुटलं. मीही बसले. बोट टेकवलं, कपाळाला लावलं, आईला म्हटलं, दाराशी आलीस, आता माझ्या सारजाला कान दे.

हळद-कुंकू आणलं, झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला. त्या अंगाला कुणी पाय ठेवायचा नाही असं ठरलं. दुसऱ्या कडीला खेळलो. दुपारपर्यंत निम्मी जळोची येऊन गेली.

आबाजींना सांगितलं. ते म्हणाले, "एकाच पायानं कशी चालली असंल गं?" मी त्यांच्यावर चिडले. देवाच्या बाबतीत असलं विचारू नये.

अंगात बारीक कणकण आहे. दर्शनाचा शहारा असेल.

२७ सप्टेंबर, शनिवार

दवाखान्यात आहे. सुप्रियानं वही आणून दिली. लिहिल्याशिवाय डोकं जागेवर यायचं नाही.

सकाळी कोर्टावर गर्दी. गावातल्या बायका, म्हातारे, पोरं. संस्कृती रात्रीच परतलेली, ती कडेला उभी राहून नुसती बघत होती. कालच्या पावलांपाशी ताट न्यायचा मान मला दिला, उपास करते, अनवाणी असते म्हणून. ताट घेतलं आणि चालायला लागले. मधे गेले आणि मागं कुजबुज झाली. मग ती कुजबुजही थांबली.

विजयमालाबाईंचा आवाज आला. "म्हाळसाबाई, मागं बघू नका. ती तुमच्या मागनं येतीय."

माझ्या हातातलं ताट वाजायला लागलं. कुणी तरी उदो म्हटलं. मी डोळे मिटले. वाटलं आता खांद्यावर हात पडेल.

हात पडला. तो संस्कृतीचा होता. "मावशी, हलू नका," ती म्हणाली. "माझा खांदा धरा. उजवा पाय उचला."

उचलला. तिनं वाकून बघितलं आणि तिचा रंग उडाला. मला खाली बसवलं. तेव्हा मी मागं बघितलं. मी जिथनं आले तिथनं पावलं उमटली होती. ओली. एकाच पायाची. पहिलं फिकट, दुसरं गडद, शेवटचं माझ्यापाशी.

तिनं ओढणीनं माझा तळवा पुसला. चवड्याचा जुना घट्टा फाटला होता, आणि आत हिरवी काच होती, नखाएवढी. माझ्याच बांगडीची. तिनं ती चिमटीनं ओढली. मी बघत होते. दुसऱ्या कुणाच्या पायातनं काढतायत असं मी बघत होते. ती म्हणाली दुखतंय का. मी म्हटलं नाही. तिनं परत विचारलं, मी परत म्हटलं नाही. मग ती पोर रडायला लागली आणि मलाच तिची समजूत घालावी लागली.

काच निघाली त्यामागनं पू आला, आणि तो वास. आता मलाही आला.

विजयमालाबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी पदरानं कपाळ पुसायला घेतलं, पुसतच राहिल्या, कातडं लाल होईपर्यंत. काल आम्ही सगळ्यांनी कपाळाला लावलं होतं. मीही. मी माझ्याच रक्तापुढं हात जोडून बहिणीसाठी मागणं मागितलं.

गर्दी कशी पांगली ते कळलं नाही. झेंडूची फुलं तशीच पडलेली होती.

२८ सप्टेंबर, रविवार

डॉक्टर तरुण आहेत, समजावून बोलतात. त्यांनी मला डोळे मिटायला लावले. म्हणाले, तळव्याला बारीक दोरा टेकवतो, कळलं की हो म्हणा. मी डोळे मिटून वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हटलं, सुरू करा की साहेब. डोळे उघडले तर सुप्रिया तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळलेली. डॉक्टर म्हणाले, "आजी, कधीच झालं टेकवून. दोन्ही पायांना."

साखरेनं पाय मुके झालेत. घट्ट्याखाली जखम आधीपासनं पिकत होती, त्यात काच घुसली आणि पुढचं सगळं झपाट्यानं झालं. कापसावर चालल्यासारखं वाटायचं ते हेच. मी खेळाचा गुण समजत होते.

ज्या पायांवर मी आयुष्यभर मिरवले, ते मला न सांगता कधी निघून गेले?

आबाजी खुर्चीवर बसून होते. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "वास मला येत हुता. अन् मी उंदीर हुडकत बसलो." एवढंच. मग उठून बाहेर गेले.

रामहरी आला, पाळी बुडवून. म्हणाला, हे खेळाचं खूळ बंद. डॉक्टरांनी त्याला दाराशी गाठून सांगितलं, खेळानं साखर खाली आलीय, खेळाला दोष देऊ नका, अनवाणी खेळल्या ते बाधलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

करंगळी नि तिच्या शेजारचं बोट काळं पडलंय. उद्या काढणार. नाही काढलं तर काळं वर चढेल, मग घोट्यापर्यंत जावं लागेल, असं म्हणाले. सही रामहरीनं केली. मी म्हटलं माझा पाय आहे, मीही करते. केली.

२ ऑक्टोबर, दसरा

दोन बोटं गेली. पाय वाचला म्हणतात, पण पंधरा दिवस बघावं लागेल.

पट्टी बदलताना बघितलं. बघू नका म्हणत होत्या, बघितलंच. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. मी नुसती मोजत राहिले, परत परत, चुकतंय असं वाटून.

विजयमालाबाई सोनं द्यायला आल्या. आपट्याचं पान हातात ठेवलं आणि म्हणाल्या, त्या कोर्टावर त्यांनी स्वतः पाणी ओतून घासलं, कुणाला हात लावू दिला नाही. जाताना पाय दिसले त्यांचे. बूट होते. दसऱ्याला, नव्या लुगड्याखाली.

संस्कृती रोज येते. तिला वाटतं ती पुण्याला गेली म्हणून झालं. मी म्हटलं, बाळ, तू सांगून गेली होतीस, मान मी हलवली होती. तरी तिला पटत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आज घरी आणलं. पाय उशीवर ठेवून पडलेय. आणि संध्याकाळी सुप्रियानं वेगळंच सांगितलं.

तिनं इंदापूरला सारजाच्या सुनेला फोन केला होता. तिकडं माझं त्यांनी सारजाला हातवारे करून सांगितलं होतं, अक्काचा पाय कापला. सारजानं त्याच दिवशी चपला उचलून माळ्यावर टाकल्या. अक्काचा पाय भरून येईस्तवर पायात काही घालणार नाही असा देवीला शब्द दिलाय तिनं. आणि बारा तारखेला माझ्या वाटचंही तीच खेळणार म्हणून रोज सकाळी सिमेंटवर अनवाणी पळतेय. सूनबाई आडवी आली तर म्हणाली, "मला काय बी लागत न्हाय. पाय कसं हलकं झाल्यात, कापसागत."

कापसागत.

सुप्रियानं तो शब्द सहज सांगितला आणि मी उठून बसले. ती घाबरली. मी म्हटलं, वही दे.

सारजालाही साखर आहे. आईलाही होती. दोघींचे पाय एकाच वाटेनं चाललेले आहेत. घरातल्यांचं ती ऐकणार नाही, कान नाही आणि मनही नाही. घरचे डॉक्टरकडं न्यायला निघाले तर सामना होऊ दे म्हणाली. तिला पटतं ते फक्त माझं लिहिलेलं. आधी इथं लिहून बघते, मग कागदावर उतरवते. उद्या पहिल्या टेम्पोनं गेलं पाहिजे.

६ ऑक्टोबर, सोमवार

सारजे,

आज तब्येत विचारत नाही. एकच विचारते. तुझ्या तळपायाला काही कळतं का?

मी जिवंत आहे, दोन बोटं गेलीत, बाकी पाय आहे. ते आता बाजूला ठेव. हा कागद वाचतेस तिथंच खाली बस. दाजींना बोलव. डोळे मीट आणि त्यांना म्हण, माझ्या तळव्याला केरसुणीची काडी टेकवा, कधी टेकवताय ते सांगू नका. तू वाट बघत राहिलीस आणि त्यांनी सांगितलं की झालं टेकवून, तर भिऊ नको, पण उठून उभीही राहू नको. रिक्षा बोलवा आणि दवाखान्यात जा. आजच.

मग त्यांना तळवा उजेडात बघायला सांग. बोटांच्या बेचक्यात, टाचेला, घट्ट्याच्या कडेला. कुठं काळं, कुठं ओलं, कुठं वास. मला वास येत नव्हता, मालकांना येत होता. आपला आपल्याला येत नाही.

आपण दोघी म्हणायचो, काटा मोडतो आपल्या पायात. सारजे, काटा मोडायचा तेव्हा आपल्याला दुखायचं. दुखायचं म्हणून आपण बसून काढायचो. आता न दुखणं हीच खूण आहे. मला ती देवीची कृपा वाटली. तुला कापूस वाटतोय. मलाही कापूसच वाटला होता.

माझ्यासाठी बोललीस तो शब्द मी सोडवते. थोरली बहीण आहे, तेवढा हक्क माझा. तुझ्या नावानं आज देवीपुढं विडा ठेवला आणि सांगितलं, तिनं माझ्या मायेनं शब्द दिलाय, तो माझ्या पदरात घे, तिला चप्पल घालू दे. देवी बाई आहे, तिला कळतं. तू अनवाणी पळून माझी बोटं परत येणार नाहीत. तुझी मात्र जातील.

खेळ सोडू नको. डॉक्टर तपासून हो म्हणाले तरच कोर्टावर जा, नाहीतर यंदा बसून बघ. खेळलीस तर बूट घालून खेळ, घालायच्या आधी हात घालून आत बघ, बांगड्या काढून दाजींकडं दे. मी काढल्यात. हात रिकामा बघून मालक म्हणाले, पैलवान दिसतीस. माझा चेंडू अडवायचा आहे ना तुला? मग दोन्ही पायांवर उभी राहा. माझी जखम भरली की डॉक्टर खुर्चीवर बसून चेंडू टाकायला देणार आहेत. तेव्हा अडव.

टेम्पोवाल्याला सांगितलंय, कागद तुझ्याच हातात द्यायचा आणि उत्तर घेतल्याशिवाय निघायचं नाही. लांब लिहू नको. काडी कळली का नाही कळली, तळव्याला काय दिसलं, तेवढंच. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको, जे दिसलं तेच लिही. मी दारात खुर्ची टाकून बसलेय, रस्त्याकडं तोंड करून. लगेच लिही.

तुझी अक्का